झोपलेले नाहीत, गप्प आहेत

आमचे सर माणसांना अरे-तुरे करायचे आणि यंत्रांना अहो-जाहो.

मला हे पहिल्याच भेटीत कळलं, पटायला मात्र वेळ लागला. बडोद्याला मकरपुऱ्याच्या औद्योगिक इस्टेटीत आमची दुमजली शेड आहे. खाली पत्राकाम, रंगकाम, जोडणी; वर इलेक्ट्रॉनिक्स. मी मुलाखतीला म्हणून जिना चढून वर गेले, तर एक उंच, वाळके, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ टेबलावर वाकून म्हणत होते, "जरा इकडे सरकता का? हां. आता बघा कसा उजेड आला." मी आजूबाजूला पाहिलं. खोलीत ते, मी आणि टेबलावर तळहाताएवढा एक हिरवा बोर्ड. एवढ्यात शेठ आत आले. शेठ म्हणजे मालक. शेड त्यांची, यंत्रं त्यांची, खालची सगळी माणसं त्यांच्या पगारावर. त्यांच्याकडे मान वर करूनही न बघता सर म्हणाले, "तू थांब रे जरा. आणि ते दार ओढून घे." शेठनी दार ओढून घेतलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

नंतर उलगडा झाला. सर एका मोठ्या रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात जन्मभर होते. शेठचे वडील तिथे सुटे भाग पुरवायचे आणि येताना अर्ध्या चड्डीतल्या शेठना बरोबर आणायचे. "ह्याचं नाक पुसलंय मी," असं सर पाहुण्यांना सांगायचे, तेही शेठच्या देखत. सर निवृत्त झाले तसे शेठनी त्यांना सल्लागार म्हणून वरच्या मजल्यावर आणून बसवलं. शेठ त्यांना काका म्हणत, बाकी सगळे सर.

यंत्रांना अहो का, हे मी एकदा विचारलंच. माझं तोंड कुठे गप्प बसतंय! तर म्हणाले, "अगं, माणसाला अरे म्हटलं तर फार तर रुसेल. यंत्राला एकदा का अरे म्हणायला लागलीस की न बघता हात घालायला लागशील." आणि डावा हात माझ्यासमोर धरला. करंगळी अर्धी होती. "त्या दिवशी मी त्यांना अरे म्हणालो होतो," असं म्हणून मिशीत हसले. खरं खोटं देव जाणे.

तर मुलाखत. मला नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती. मुलगी झाली, मग सासरे अंथरुणाला खिळले, यजमान रेल्वेत, त्यांच्या पाळ्यांचा काही नेम नाही. घरी कोणीतरी हवं होतं आणि ते कोणीतरी म्हणजे अर्थातच मी. सासरे गेले, मुलगी शाळेत रमली, आणि मी अर्ज करायला लागले. जिथे जाईन तिथे त्या मधल्या रिकाम्या वर्षांवर बोट. एसीत बसलेली माझ्याहून लहान मुलं गोड आवाजात विचारायची, "मॅडम, या काळात तुम्ही काय केलंत?" आणि मी बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत डोळे कोरडे ठेवायचे.

शेठनीही तेच विचारलं. आता मात्र माझं डोकं सटकलं. म्हटलं, "सासऱ्यांचं केलं. त्याची डिग्री मिळत नाही." आणि पर्स उचलली.

तेव्हा सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "औषधं बरीच होती का गं?"

"ढीगभर."

"वेळा चुकल्या कधी?"

"चुकायची एखादी. पण एक चुकली म्हणून दुसरी चुकू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. प्रत्येक औषधाचा डबा वेगळा, गजर वेगळा. सकाळचं उशिरा झालं तरी दुपारचं दुपारीच."

सर शेठकडे वळले. "हिला घे."

"पण काका, एटलो बधो गॅप, एवढी वर्षं..."

"तुला जे बनवायचंय ना, ते हिनं घरी चालवलेलं आहे. घे म्हणतो ना!"

बनवायचं होतं ते नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र. ज्या बाळाला आपली ऊब धरता येत नाही त्याला त्यात ठेवतात. त्यात हीटर असतो, बाळाच्या अंगाला लावलेला सेन्सर असतो, वर डॉक्टरांसाठी रंगीत पडदा असतो. आमच्या जुन्या मॉडेलमध्ये कधीमधी पडदा अडकायचा आणि पडदा अडकला की सगळंच अडकायचं. म्हणून नवं मॉडेल मायक्रोकर्नलवर करायचं ठरलं होतं. हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. मला सरांनी तो जसा सांगितला तसा सांगते.

"सोसायटीचा वॉचमन बघितलायस? चांगला वॉचमन. तो कोणाचं पाणी भरत नाही, कोणाची भाजी आणत नाही, भांडणात पडत नाही. कोणी कुठे जायचं आणि कुठे नाही एवढंच बघतो, आणि ह्या घरचा निरोप त्या घरी देतो. तो मायक्रोकर्नल. हीटर एका फ्लॅटमध्ये, सेन्सर दुसऱ्या, पडदा तिसऱ्या. पडद्याच्या घरी आग लागली तरी हीटरच्या घरी कुकरची शिट्टी वेळेवर झाली पाहिजे."

शेठ व्यापारी माणूस. घेतलं मला, पण अट घालून. ज्या पार्टीसाठी हे यंत्र करायचं होतं ती पार्टी बघायला येणार होती. बडोद्यात गिऱ्हाईकाला पार्टी म्हणतात, त्यात केक नसतो. पार्टी येईपर्यंत त्या हिरव्या बोर्डावर मायक्रोकर्नलबरोबर मिळणारं साधं सँपल, म्हणजे नमुन्याचा प्रोग्राम, तरी चालताना दिसलं पाहिजे. चाललं तर "बेन, तमे कायम". नाही चाललं तर काम बेंगळुरूच्या कंपनीकडे जाणार आणि मी घरी. इकडे माझ्या लेकीनं अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलेलं, माझी आई ऑफिसला जाते म्हणून. आता बोला!

सँपल काय करतं? चालू होतं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर नमस्काराची एक ओळ छापतं. बस्स. एवढ्या एका ओळीवर माझं सगळं लटकलेलं.

सरांचे नियम ऐकले तर कोणीही म्हणालं असतं, म्हातारा चळलाय. बोर्डाला हात लावण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा. अंगातली स्थिर वीज उतरते, हे कारण खरंच आहे, पण सर स्वतः इतक्या मनोभावे गजाला हात लावायचे की खालची मुलं म्हणायची, वरती खिडकीदेवीचं देऊळ आहे. शेठसुद्धा वर आले की आधी गज. एकदा बँकेचे साहेब आले होते, त्यांनाही गजाशी नेलं. त्यांनी भाबडेपणानं हात जोडले.

दुसरा नियम, सँपलचा कोड आधी मोठ्यानं मराठीत वाचायचा. "हा प्रोग्राम सुरू होतो. हा वॉचमनला म्हणतो, एवढी ओळ छाप. मग हा निरोपाची वाट बघत बसतो." शाळेतल्या धड्यासारखं. मी लाजून हळू वाचलं की म्हणायचे, "मोठ्यानं. त्यांनाही ऐकू दे." त्यांनाही म्हणजे बोर्डाला.

तिसरा नियम सगळ्यात मोठा. "आधी त्यांचं, मग तुझं." ज्यांनी सँपल लिहिलं त्यांनी सांगितलंय तसंच्या तसं चालवायचं. आपली अक्कल नंतर.

आणि चौथी गोष्ट, तो नियम नव्हता, हट्ट होता. सर दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावत नसत. कधीही नाही. मी अडले की खुर्ची ओढून बाजूला बसत, प्रश्न विचारत, मिशी चोळत, पण हात मांडीवर. मी एकदा वैतागून कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला, "सर, तुम्हीच बघा ना." त्यांनी एका बोटानं तो परत माझ्याकडे ढकलला आणि विचारलं, "मग? पुढे काय करतेयस?" मला तेव्हा वाटलं, यांना येतच नसेल. खालच्या मजल्यावरही तीच कुजबुज होती.

त्यांची स्कूटर म्हणजे आणखी एक प्रकरण. तिला हॉर्न नव्हता. म्हणजे होता, तो त्यांनी काढून ठेवला होता. बडोद्यात! रावपुऱ्यातून, रिक्षांच्या आणि ॲक्टिव्हांच्या गर्दीतून, हा माणूस मुक्यानं स्कूटर चालवायचा. का, तर "हॉर्न असला की माणूस ब्रेक मारत नाही." मी एकदाच त्यांच्या मागे बसले, निजामपुऱ्याला त्यांच्या घरी जायला. पोचेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि सर आरामात मागे वळून मला मायक्रोकर्नलमध्ये निरोप कसे जातात ते सांगत होते.

वाटेत सेव-उसळीच्या गाडीपाशी थांबलो. ती खाण्याचीही त्यांची तऱ्हा. उसळ एका वाटीत, वरची तिखट तरी दुसऱ्या, सेव तिसऱ्या, कांदा बाजूला. गाडीवाला मला म्हणाला, "बेन, काका मारी बधी वाटकी वापरी नाखे छे." सगळ्या वाट्या एकटेच वापरतात, अशी त्याची तक्रार. सरांनी शांतपणे सांगितलं, "तरी बिघडली तर सेव वाचते." आणि प्रत्येक घासाला त्या त्या वाटीतून जरूर तेवढंच घेत खाल्लं. माझी प्लेट कधीच चाटून पुसून झाली होती.

घरी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, चहा केला. सर स्वयंपाकघराच्या चौकटीवर टकटक करून म्हणाले, "आत येऊ का? पाणी घ्यायचंय." मला वाटलं, माझ्यासमोर थट्टा चाललीय. काकू म्हणाल्या, "थट्टा कसली! लग्न झाल्यापासून हे असंच. माझ्या स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. लोकांना वाटतं, काय मान देतात बायकोला! अगं, त्या पायी आजवर एक कप विसळला नाही ह्यांनी."

"परवानगी कुठे दिलीस विसळायची?" सर बाहेरून म्हणाले.

"घ्या, दिली!" काकूंनी कपबशी त्यांच्या हातात ठेवली. सर कपबशी घेऊन उभेच राहिले. मोठमोठ्या भट्ट्यांचे काटे ज्यांनी सांभाळले त्यांची एका कपबशीनं भंबेरी उडवली. मी इतकी हसले की ठसका लागला.

पण इकडे बोर्ड काही बोलेना.

मी कोडावरून सँपल बांधायची, कार्डावर चढवायची, कार्ड बोर्डात घालायची, सुरू करायची. बोर्डावर आधीपासून असलेला छोटा प्रोग्राम चार ओळी छापायचा, मी कार्डावरचा प्रोग्राम उचलला, आता त्याच्या हवाली करतो, असं म्हणायचा, आणि मग काळोख. नमस्कार नाही, शिवी नाही, काही नाही. कर्सर लुकलुक करतोय आणि मी त्याच्याकडे बघतेय. केबल बदलली. कार्ड बदललं. दुसरा बोर्ड घेतला. मेमरीचे पत्ते तपासले. इंटरनेटवर जगभरच्या लोकांना विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे तर चालतं. नाकी नऊ आले. घरी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, आणि पार्टी यायची वेळ तर अंगावर आलेली.

शेठ रोज गजाला हात लावून यायचे आणि विचारायचे, "बोल्यो?" बोलला का? मी मान हलवायची. शेठ चांगले होते, ओरडले कधीच नाहीत. पण एकदा जिन्यात ते फोनवर बेंगळुरूवाल्यांशी बोलताना ऐकू आले. वर येऊन मी सरांना सरळ म्हटलं, "सर, मला जमत नाही. मधली वर्षं खरंच वाया गेली असतील. तुम्ही चालवून टाका एकदाचं. माझ्या नोकरीसाठी तरी हात लावा."

सर उठले आणि त्यांच्या कपाटातून वीज मोजायचा काट्याचा जुना ॲमीटर घेऊन आले. काळा, जाड काचेचा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा. आमच्या पॉवर सप्लायवर आकडे दाखवणारा छानपैकी डिस्प्ले होता, तरी ह्यांना काटा हवा. "आकडा किती आहे ते सांगतो. काटा कसा आला, कसा गेला, तेही सांगतो." बोर्डाच्या विजेच्या वाटेत त्यांनी तो जोडायला सांगितला. मी जोडला, मनात म्हणत, करा आता खेळ.

"सुरू कर. पडद्याकडे बघू नकोस. काट्याकडे बघ."

सुरू केलं. काटा उठला, वर जाऊन थरथरत राहिला. तो पहिल्या छोट्या प्रोग्रामचा वेळ. मग ती 'हवाली करतो'ची ओळ आली, काटा आणखी जरासा उडाला आणि लगेच खाली आला. आधीपेक्षाही खाली, आणि तिथे शांत बसला. पडदा काळाच.

"परत," सर म्हणाले. परत तेच. "पुन्हा एकदा." पुन्हा तेच.

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला राग आला. इथे माझी नोकरी चाललीय आणि हे हसतायत!

"अगं, अडकलेला माणूस काय करतो? धापा टाकतो. प्रोग्राम अडकला की जागच्या जागी गरगरतो, वीज खातो, काटा वर राहतो. ह्यांचा काटा बघ. ह्यांनी काम केलं आणि आता निरोपाची वाट बघत निवांत बसलेत. तू वाचलं होतंस ना मोठ्यानं? शेवटची ओळ काय होती?"

"मग हा निरोपाची वाट बघत बसतो," मी पुटपुटले.

"मग! हे झोपलेले नाहीत. गप्प आहेत. आता मला सांग, ह्यांना बोलायची परवानगी कोणी काढून घेतली?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! शेठ!

झालं होतं असं. अगदी सुरुवातीला शेठ माझ्या मागे उभे राहून पडद्यावर काय दिसतंय ते बघत होते. सँपल बांधायचे दोन प्रकार असतात, एक डिबग आणि एक रिलीज. शेठनी विचारलं, "बेन, आ डिबग एटले शुं?" मी सांगितलं, चुका शोधायला सोयीचा तो डिबग, गिऱ्हाईकाला द्यायचा तो रिलीज. शेठ दचकलेच. "चुकावाळो माल? आपल्या बोर्डमध्ये? पार्टी येईल, वाचेल, काय समजेल? नाही नाही बेन, पक्का माल ठेवा." पिढ्यानपिढ्यांचा व्यापारी तो. कच्चा शब्ददेखील मालावर नको. आणि मी नवी, त्यात तात्पुरती. होय शेठ म्हणून तिथल्या तिथे रिलीज करून टाकलं आणि विसरले. कोडाचं एक अक्षर बदललं नव्हतं मी, म्हणून छातीठोकपणे सगळ्यांना सांगत होते, त्यांचं आहे तसंच ठेवलंय.

आणि पक्क्या मालात वॉचमनचं तोंड बांधलेलं असतं. सँपलमधली ती नमस्काराची ओळ मायक्रोकर्नल स्वतः छापतो, पण फक्त डिबगमध्ये. रिलीजमध्ये त्याला बडबडीची मुभा नाही. बोलायचं असेल तर त्यासाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे आणखी एक प्रोग्राम, नेमा, त्याच्या नावानं परवानगी लिहा. सगळं रीतसर. म्हणजे बिचारा बोर्ड पहिल्या दिवसापासून धावत होता! मी केबली बदलत होते, रडत होते, आणि तो आपलं काम चोख करून हाताची घडी घालून बसत होता.

मी डिबग करून बांधलं. गजाला हात लावला. एंटर दाबलं. पडद्यावर नमस्काराची ओळ आली.

मी ओरडलेच. इतकी जोरात की खालून दोघं-तिघं धावत वर आले, शॉक बसला की काय म्हणून. सर उठून उभे राहिले, बोर्डासमोर किंचित वाकले आणि म्हणाले, "नमस्कार. बसा." मग मला म्हणाले, "जा, त्या तुझ्या शेठला सांग, ह्यांना बोलू दे म्हणावं."

पार्टी आली. त्यांच्यातल्या इंजिनीयर बाईंनी पडद्यावर डिबग हा शब्द वाचला आणि म्हणाल्या, "छान, सुरुवात डिबगनंच करावी." शेठचा जीव भांड्यात पडला. जाताना पार्टीनं विचारलं, हे कोणी चालवलं? शेठनी सवयीनं सरांकडे हात केला. "काकांनी."

सर एवढे चिडलेले मी तेव्हाच पाहिले. "मी? मी चहा प्यायलो. विचार कोणालाही, मी एक बटण तरी दाबलंय का. हिनं चालवलं. सगळं हिनं." एवढं बोलून जिना उतरून गेले, हॉर्न नसलेली स्कूटर काढली आणि थेट घरी.

तेव्हा मला कळलं की मांडीवरचे ते हात कशासाठी होते. त्यांना येत नव्हतं असं नाही, सगळं येत होतं. पण एकदा जरी त्यांचं बोट कीबोर्डला लागलं असतं, तरी शेठनी आणि अख्ख्या शेडनं म्हटलं असतं, सरांनी चालवलं. आणि मग ती नोकरी माझी झालीच नसती, त्यांच्या मेहेरबानीची झाली असती. दुसऱ्या दिवशी मी थोडं अडखळत हे बोलून दाखवलं. आभार मानायचे होते. मला ते नीट जमत नाहीत, मी लगेच रडते. सरांनी पुढे बोलूच दिलं नाही. "परीक्षा तुझी होती. मी कशाला पेपर लिहू? चल, आता त्यांना रिलीजमध्ये बोलायला शिकव. रीतसर."

शिकवलं. मग हीटर त्याच्या फ्लॅटमध्ये गेला, सेन्सर त्याच्या, पडदा त्याच्या. आज ती यंत्रं दवाखान्यांत आहेत. पडदा अडकला तरी बाळ गरम राहतं. मी कायम झाले, पुढे मला हाताखाली माणसं मिळाली, आणि त्यांनाही मी आधी गजाशी नेते. माझं जे काही चांगलं झालं त्याच्या मुळाशी हा चक्रम म्हातारा आहे, हे मी कोणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते.

मग गेल्या हिवाळ्यात सरांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

मी मनाची तयारी करून निजामपुऱ्याला गेले. अंथरुणाला खिळलेला माणूस मी घरात पाहिलेला आहे, तिथली हवा मला माहीत आहे. भेटायला आलेले लोक त्यांच्याकडे न बघता काकूंशी बोलत होते. "जेवतात का?" "ओळखतात का?" जणू खाटेवर कोणी नाहीच. काकूंचा चेहरा ओढलेला. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, ह्यांना किती कळतं ते सांगता येत नाही. मी आपली बोलत राहते. काहीच उमटत नाही गं चेहऱ्यावर."

मी त्यांच्याजवळ बसले. डोळे उघडे, छताकडे. श्वास संथ, एका लयीत. आणि मला तो काटा आठवला, खाली येऊन शांत बसलेला.

"काकू," मी म्हटलं, "सर झोपलेले नाहीत. गप्प आहेत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेठनी मला सरांच्या खुर्चीत बसायला सांगितलं. वरचा मजला आता बेन तुम्हीच बघा. नवा बोर्ड आलेला, नवं यंत्र, आणि ह्या वेळी शेजारी खुर्ची ओढून बसणारं कोणी नाही. मी हो म्हटलं आणि घाबरले. अगदी पहिल्या दिवसासारखी घाबरले. तो बोर्ड तसाच पिशवीत घातला, लॅपटॉप घेतला, सुटा कीबोर्ड घेतला, सरांचा तो काळा ॲमीटर घेतला, आणि दुपारी त्यांच्या घरी गेले.

काकूंनी त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. मी पलंगावरचं जेवणाचं टेबल पुढे ओढलं, त्यावर सगळं मांडलं. त्यांच्या खोलीच्या खिडकीला गज आहेत. मी उठून गजाला हात लावला. वळून बघते तर सरांची नजर छतावरून खिडकीवर आली होती.

मी सँपल मोठ्यानं वाचलं, मराठीत, धड्यासारखं. हा प्रोग्राम सुरू होतो. हा वॉचमनला म्हणतो, एवढी ओळ छाप. मग हा निरोपाची वाट बघत बसतो. वाचून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. म्हटलं, "सर, नवा बोर्ड आहे. आधी त्यांचंच चालवतेय, डिबगमध्ये, शेठना विचारलेलं नाही. पण तुमच्या खुर्चीत बसायची मला भीती वाटते. पहिलं एंटर तुमच्या हातानं होऊ दे." आणि कीबोर्ड त्यांच्या डाव्या हाताशी सरकवला.

बराच वेळ काही झालं नाही. मग तो हात हलला. अर्ध्या करंगळीचा तो हात सावकाश टेबलावर आला, कीबोर्डच्या कडेला टेकला. मला वाटलं, आता दाबतील. सरांनी बोटानं कीबोर्ड ढकलला. थोडासा सरकला. थांबले, श्वास घेतला, आणि पुन्हा ढकलला, माझ्या हाताला लागेपर्यंत. मग हात उचलून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू घाईघाईनं पुढे आल्या. "काय झालं गं? रडतेस का? काय म्हणतायत?"

"काही नाही काकू," मी म्हटलं. "विचारतायत, मग, पुढे काय करतेयस?"

आणि मी एंटर दाबलं.